गाव पाण्यात गेलं, वही राहिली

गोव्यात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून लोक खापरपणजोबांपर्यंत पोचतात. आपल्या पाटणकडं तसलं काय? आहे की, कोतवाल बुक! म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावच्या जन्म-मृत्यूची वही. आमचं जुनं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं, वही मात्र तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये राहिली. अर्जात मूळ गावाचं नाव आणि अंदाजे साल लिहा; पुनर्वसनाचं गाव टाकलंत तर वही सापडायची नाही. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, वाचणारा जाणकार गाठा. नुसत्या फोटोवर थांबू नका, सहीशिक्क्याची नक्कल घ्या. जातीच्या दाखल्याला तीच लागते.

मला पणजोबांच्या जन्माची ओळ मिळाली. त्यात बापाचं नाव होतं, आईचं नव्हतं. ते आमच्या आजीला पाठ होतं, तिच्या आजेसासूचं नाव! म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, मग तहसीलला जा.