गाणार कोण?

मिरजेला आमच्या घरी दोन तंबोरे होते. वडिलांचा मोठा, आत्याचा लहान. पावसाळा सरला की दोन्ही तंबोरे टांग्यात घालून सतारमेकर गल्लीत न्यायचे, जवारी लावून घ्यायला. तिथले चाचा कानस हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "गाणार कोण?" मग वडिलांना सा लावायला सांगायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि त्यानंतरच घोडीला हात घालायचे. आत्याच्या तंबोऱ्याच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. घराणं कोणतं, तंबोरा किती जुना, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी गाण्याकडे वळले नाही. पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि बावीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवते. मागच्या दिवाळीत एक नवी गिटार घेतली. टेलिकास्टर घाटाची, पिवळसर सायीच्या रंगाची, 1952 सालच्या मापांवर बेतलेली. गेल्या आठ महिन्यांत मी तिच्यात सहा बदल केले. बरोबर वाजवणारे विचारतात, "जुन्या धर्तीची म्हणून मुद्दाम घेतलीस, मग बदलतेस कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

चार स्क्रूंची दांडी

ही गिटार घडवणारा लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचं दुकान होतं. त्या काळच्या पोकळ गिटारीला विजेची जोड दिली की मोठ्या आवाजात ती घुमायची, किंचाळायची. फेंडरने सरळ भरीव लाकडाची फळी घेतली. 1950 साली ती गिटार 'ब्रॉडकास्टर' नावाने बाजारात आली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळजवळ तेच असल्याने नाव बदलावं लागलं आणि 1951 पासून ती 'टेलिकास्टर' झाली.

फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो आपली वाद्यं रोज वाजवून पोट भरणाऱ्या वादकांच्या हाती द्यायचा आणि ते काय म्हणतात ते ऐकायचा. दांडी त्याने सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली तर उतरवा, दुसरी लावा. घोडी, स्विच, पिकअप, सगळं पेचकसाने सुटतं. म्हणजे उघडणं, बदलणं हे या वाद्याच्या घडणीतच आहे. गिटारवादक कीथ रिचर्ड्सची प्रसिद्ध 'मिकॉबर' हीसुद्धा पन्नासच्या दशकातली टेलिकास्टरच. त्याने तिची सहावी तार काढून टाकली आणि दांडीच्या बाजूला गिब्सनचा जाड पिकअप बसवला. आज ती गिटार त्या बदलांसकट ओळखली जाते.

नव्या 'जुन्या धर्तीच्या' गिटारीत त्या काळची मापं जशीच्या तशी उतरवलेली असतात. त्यातली काही आजही हाताला आणि कानाला चोख बसतात. काही मात्र त्या वेळच्या तारांसाठी, त्या वेळच्या आवडीसाठी होती. कोणतं माप कुठल्या कारणाने आलं हे समजलं की काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते ठरवता येतं.

दांडी आणि अटी

पहिला बदल दांडीच्या बाकाचा. तारांचा ताण दांडीला पुढे ओढतो. त्याला तोलून धरायला दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. आजच्या बहुतेक गिटारींत तिचा स्क्रू वरच्या टोकाला, सहज हाताशी असतो. जुन्या धर्तीत तो खालच्या टोकाला असतो, त्यामुळे फिरवायचा तर दांडीच उतरवावी लागते. पहिला पडदा आणि दांडी जिथे धडाला मिळते तिथला पडदा असे दोन्ही दाबून धरायचे आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली किती फट राहते ते बघायचं. गॅरेजवाले वापरतात तेच फिलर गेज इथे चालतं. माझ्या गिटारीत ती फट अर्धा मिलिमीटर होती. तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, पाव फेरा द्यायचा, पुन्हा बसवून सुरात आणायचं आणि मोजायचं. तीनदा दांडी उतरवल्यावर फट 0.3 मिलिमीटरवर आली. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, त्यामुळे हे एकदा करून भागत नाही.

दुसरा बदल अटीचा, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या हाडाच्या पट्टीचा. मोकळ्या तारा सुरात, पण पहिल्या पडद्यावरचा एफ धरला की सूर चढलेला, अशी तक्रार होती. खाचा उंच असल्या की पहिल्या पडद्यापर्यंत तार जास्त दाबावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. बारीक कानशीने मी एकेक खाच खोल केली. दुसऱ्या तारेची खाच जरा जास्त उतरली आणि तार पडद्यावर झणझणू लागली. त्यावर उपाय स्वयंपाकघरात मिळाला. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरायचा, त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. मग ती खाच पुन्हा घासली, या वेळी दर चार हातांनी थांबून, तार चढवून, ऐकत.

पितळेच्या तीन नळ्या

सगळ्यात जास्त विचार मी तिसऱ्या बदलावर केला. टेलिकास्टरच्या घोडीवर पितळेच्या तीन आखूड नळ्या असतात आणि एकेका नळीवर दोन-दोन तारा टेकतात. त्यातून येणारा ठसठशीत, टोकदार आवाज हेच या गिटारीचं वैभव.

अडचण सुराची आहे. अटीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे 648 मिलिमीटर. बारावा पडदा अगदी मध्यावर, तिथे तार दाबली की बरोबर वरचा सूर यायला हवा. पण दाबताना तार थोडी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. तो चढ भरून काढायला घोडी जराशी मागे सरकवतात. किती मागे, हे तारेच्या आतल्या गाभ्याच्या जाडीवर ठरतं. माझी तिसरी तार, जी, साधी आहे, 0.017 इंचाची. चौथी, डी, दिसायला जाड, पण ती गुंडाळलेली. तिचा गाभा जीपेक्षा बारीक. म्हणून जीला जास्त लांबी लागते, डीला कमी. आणि या दोघी एकाच नळीवर बसतात. जीसाठी नळी मागे घेतली की डी बाराव्या पडद्यावर सहा सेंट उतरायची. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकायला एवढासा वाटतो, पण दोन्ही तारा एकत्र वाजल्या की कान बेचैन होतो.

मग 1952 साली वादकांना हे खटकत नव्हतं का? कमी खटकत असावं, कारण तेव्हाच्या संचात तारा जाड असत आणि तिसरी तारही गुंडाळलेली असे. पुढे जेम्स बर्टनसारख्या वादकांनी बँजोच्या बारीक तारा गिटारीवर चढवल्या, कारण त्या बोटाने ओढून मींड घेता येते. साठच्या दशकात असे हलके संच दुकानांत तयार मिळू लागले आणि साधी तिसरी तार रूढ झाली. माझी गिटार जुन्या मापाची आहे, तिच्यावरच्या तारा मात्र आजच्या. दोघींचं पटत नाही याचं कारण हेच.

सहा तारांना सहा वेगळे टेकू असलेली आधुनिक घोडी लावली असती तर प्रश्न मुळापासून मिटला असता. पण दोन तारांचा भार एका पितळेवर पडतो तेव्हाचा आवाज मला हवा होता. म्हणून मी तीनच नळ्या ठेवल्या, फक्त तार टेकते ती कड तिरपी कापलेल्या. एका तारेला थोडी जास्त लांबी, शेजारणीला थोडी कमी. बसवायला एक संध्याकाळ लागली. आता जी आणि डी दोन्ही एका सेंटच्या आत आहेत.

तपकीर गल्लीची फेरी

पुढचे दोन बदल विजेचे. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेचा 1831 चा नियम शिकवताना मी हीच गिटार वर्गात नेते.

जुन्या जोडणीत स्विचच्या तीन जागा अशा होत्या: घोडीजवळचा पिकअप, दांडीजवळचा पिकअप आणि दांडीजवळचाच पण कपॅसिटरमधून तीक्ष्णपणा गाळलेला, खोल घुमणारा आवाज. बासचा भास देणारा हा आवाज त्या काळी उपयोगी होता. माझ्या कामाचा नव्हता. दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची सोय मात्र त्या जोडणीत नव्हती. फेंडरने ती 1967 च्या सुमारास दिली. मी काही वायरी उकलून नव्याने सोल्डर केल्या. एकही नवा भाग लागला नाही, आणि दोन्ही पिकअपचा तो मोकळा, किणकिणता आवाज मिळाला.

दुसरी गोष्ट, आवाजाचं बटण कमी केलं की स्वरातली धार आधी जायची. बटणाच्या आवक आणि जावक टोकांमध्ये 0.001 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 150 किलो-ओमचा रेझिस्टर जोडला की उंच कंपनांना वाट मिळते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन्ही एका चहाच्या किमतीत मिळाले. आता मी आवाज निम्मा करून गाणाऱ्याच्या मागे वाजवू शकते, स्वर मळत नाही.

इथे एक सांगायलाच हवं. गिटारीतला विद्युतदाब निरुपद्रवी असतो, पण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. हौसेने तो उघडू नये.

हिरवी घासणी, आणि जे तसंच ठेवलं

सहावा बदल सगळ्यात स्वस्त. दांडीच्या पाठीवर चकचकीत पॉलिश होतं, घामाने अंगठा त्याला चिकटायचा. भांड्यांची नवी हिरवी घासणी घेऊन मी ती चकाकी हलक्या हाताने उतरवली. लोखंडी घासणी कटाक्षाने टाळली, तिचे कण पिकअपच्या चुंबकांना जाऊन चिकटतात. आता दांडी जुन्या पोळपाटासारखी मऊ लागते.

पडद्यांखालच्या फळीची गोलाई मात्र मी ठेवली. सव्वासात इंच त्रिज्येच्या दंडगोलातून कापावी इतकी ती फुगीर आहे. तार मध्याकडे ओढली की ती त्या फुगीर भागावर चढते, पुढच्या पडद्याला टेकते आणि स्वर मरतो. म्हणून पुष्कळ वादक फळी सपाट करून घेतात. मी मुख्यतः कॉर्ड वाजवते. आडव्या टेकवलेल्या बोटाचा बाक आणि या फळीचा बाक एकमेकांत मिसळतो. तारा सतराव्या पडद्यावर जाड बाजूला 2 आणि बारीक बाजूला 1.6 मिलिमीटर उंच ठेवल्या, तेवढ्यावर माझं भागतं. पिकअपची बारीक गुणगुणही ठेवली. ती घालवणारे पिकअप मिळतात, पण त्यांच्याबरोबर माझ्या कानाला हवी असलेली धारही थोडी जाते.

काढलेले भाग मी एका डब्यात तारीख लिहून जपले आहेत. एका वेळी एकच बदल करायचा आणि निदान पंधरा दिवस वाजवून बघायचं, एवढा नियम पाळला.

गेल्या महिन्यात माझी भाची ही गिटार वाजवत होती. तिला तारा ओढून वाजवायला आवडतं. अर्ध्या तासाने म्हणाली, "आत्या, इथे ओढली की आवाज बसतो गं." मी बघितलं, ती जिथे ओढते तिथे मी कधी जातच नाही. एलन की काढली आणि तिला म्हटलं, "थांब, घाई नको. आधी तू वाजव, मी ऐकते."