खाटेजवळची परीक्षा

श्रोतेहो, हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या आपल्या पाचही तालुक्यांतल्या अनेक मुली आणि आता मुलंही नर्सिंगच्या शिक्षणाला जातात. वर्गातले धडे सुरू असतानाच त्यांना प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात पाठवतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला धाकधूक असते, सिस्टरवर आपली छाप पडेल ना? गणवेश इस्त्रीचा, केस बांधलेले, नखं कापलेली, हजेरी वेळेवर, हे सगळं हवंच. पण खरी परीक्षा रोग्याच्या खाटेजवळ होते.

माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा मी उशाशी बसून असायचो. एक विद्यार्थिनी यायची, आईला हातही न लावता तक्त्यावर आकडे लिहून जायची. श्वासाचा आकडा दर वेळी अठरा! एका संध्याकाळी दुसरी आली. तिनं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" आईनं सांगितलेलं नाव केसपेपरशी ताडून पाहिलं. "तुम्हीच अमक्या ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारी म्हातारी कशालाही मान हलवते, आणि एकीचं इंजेक्शन दुसरीला जातं.

मग तिनं घड्याळ पाहत मिनिटभर नाडी मोजली, तरी मनगट सोडलं नाही. मी कारण विचारलं. ती हळूच म्हणाली, "आता श्वास मोजतेय. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो." मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो. आईचा 32 भरला. तिनं पुन्हा मोजला आणि तडक सिस्टरांना बोलावून आणलं. पाठोपाठ डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. आई वाचली.

हाताचंही तसंच. 1847 साली व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी शवचिकित्सा करून प्रसूतीच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. शिकाऊ हातही जीव घेऊ शकतात, हे तेव्हा दिसलं. म्हणून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचेच, कुणी बघत असो वा नसो. साबणानं धुवायला मिनिटभरही लागत नाही.

आणि मुलींनो, मुलांनो, न मोजलेला आकडा कधी लिहू नका. एखादं काम येत नसेल तर सरळ म्हणा, "सिस्टर, हे मला जमत नाही, एकदा दाखवता का?" त्या क्षणी थोडं ओशाळल्यासारखं होईल. पण असं विचारणाऱ्याच्या हाती सिस्टर पुढचं काम निर्धास्तपणे सोपवतात.