मोठ्या वयातली इंग्रजी: पहिला धडा रिपोर्टचा

सिकलसेलची तपासणी झाली की हाती एक कार्ड किंवा रिपोर्ट येतो. त्यावर नाव, गाव, वय असते आणि निकाल म्हणून दोनच इंग्रजी अक्षरे असतात: 'एए', 'एएस' किंवा 'एसएस'. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. घरातल्या कर्त्या माणसांना ती दोन अक्षरे वाचता आली नाहीत, तर कार्ड पेटीत जाऊन पडते. पुढे लग्न जुळवताना कूळ पाहतात, देव पाहतात, शेतीवाडी पाहतात. पेटीतले कार्ड मात्र पेटीतच राहते.

'ए' म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन. 'एस' म्हणजे सिकल, अर्थात विळा. हे हिमोग्लोबिन असलेल्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अक्षरे दोन असतात, कारण एक जनुक आईकडून येते आणि दुसरे वडिलांकडून. 'एए' असेल तर सिकलसेल नाही, 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी वाढेल तशी ही अक्षरे आणखी घरांत पोहोचतील.

मोठ्यांसाठीचा इंग्रजीचा वर्ग बहुधा लहान मुलांच्या पुस्तकातूनच, 'ए फॉर ॲपल'ने सुरू होतो. या भागात तो 'ए' आणि 'एस' या दोन अक्षरांनी सुरू करावा, याला आरोग्याचे कारण आहे आणि मेंदूच्या अभ्यासाचाही आधार आहे.

वय आड येते, पण कुठे?

"आता या वयात काय इंग्रजी येणार?" हे वाक्य वर्गाच्या दारातच ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांनी २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरण चाचणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या भाषेचे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरू लागते, असे त्यात दिसले. उच्चारांचेही तसेच आहे. चाळिशीत शिकलेल्या भाषेचा लहेजा जन्मभाषेसारखा होणे अवघडच.

पण सुरुवातीच्या वेगाची गोष्ट वेगळी आहे. कॅथरीन स्नो आणि मारियन होफ्नागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर अभ्यास केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत प्रौढ आणि किशोर आघाडीवर होते, तर तीन ते पाच वर्षांची मुले मागे होती. मोठ्या माणसाला जगाची माहिती असते, नियम सांगितला तर कळतो आणि आपल्याला काय हवे आहे हे ठाऊक असते. औषधाच्या पाकिटावरचे चार शब्द ओळखण्यासाठी एवढी शिदोरी पुरते. त्यासाठी लहेजा लागत नाही.

अक्षरओळखही मोठेपणी होऊ शकते. स्टॅनिस्लास देहाने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल व ब्राझीलमधील ६३ प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शाळेत गेलेले होते आणि मोठेपणी अक्षर शिकलेलेही होते. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही वाचनामुळे होणारे बरेचसे बदल आढळले.

इथे इंग्रजी ही तिसरी-चौथी भाषा

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी अशा सात भाषा कानावर पडतात. सिरोंचाकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया, मुलचेऱ्याकडे बंगाली. बाजारात एक, घरात दुसरी, कचेरीत तिसरी असे बोलणाऱ्यांचे इथे कुणाला नवल वाटत नाही. अशी माणसे इंग्रजीच्या वर्गात 'कच्ची' म्हणून बसतात, तेव्हा त्यांनी पुस्तकाशिवाय दोन-तीन भाषा आधीच शिकलेल्या असतात, हे शिकवणारेही विसरतात.

या बहुभाषिकतेचा आरोग्याशी संबंध तपासणारा एक अभ्यास शेजारच्या हैदराबादेत झाला. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. अर्थात हे लोक वर्षानुवर्षे त्या भाषा वापरत होते. चार महिन्यांच्या वर्गाने विस्मरण टळेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

मोठेपणी नवी भाषा शिकण्याची उदाहरणे इथल्या आरोग्यसेवेच्या इतिहासातही आहेत. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रुग्णांची माडिया भाषा येत नव्हती. शिकलेले डॉक्टरच तिथे विद्यार्थी झाले आणि रुग्णांशी बोलत बोलत ती भाषा शिकले. 'कुठे दुखते' हे कळल्याशिवाय उपचार होणार नव्हते, ही गरजच त्यांची शिक्षक होती.

दुसरे उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे. गावातल्या पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या महिलांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे, बाळाचे वजन करण्याचे आणि जंतुसंसर्ग ओळखण्याचे शिक्षण तिथे देण्यात आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या हिशेबाने, ६२ टक्क्यांनी घटला. शालेय शिक्षण थोडे असले तरी रोजच्या कामाशी जोडलेले नवे ज्ञान मोठी माणसे अचूक शिकतात, याचा हा पुरावा आहे.

कानाला ओळखीचे, डोळ्याला परके

इंग्रजीचे कितीतरी शब्द या वर्गातल्या माणसांना आधीच येतात. सलाईन, इंजेक्शन, बीपी, शुगर, एक्स-रे, टेस्ट, डिलिव्हरी, रेफर. अडचण फक्त ते डोळ्यांनी ओळखण्याची आहे. म्हणून नवे शब्द पाठ करून घेण्याआधी ऐकून माहीत असलेल्या शब्दांचे लिहिलेले रूप दाखवावे.

इंग्रजीत एकाच अक्षराचे दोन उच्चार होतात, याचा बाऊ करण्याचे कारण नाही. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' मराठी माणूस वेगळा उच्चारतो, तोही कुणी न शिकवता.

मात्र काही सापळे आधीच दाखवून द्यायला हवेत. पहिला आकड्यांचा. इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो आणि इंग्रजी आठ मराठी चाराच्या जवळ जातो. गोळ्यांची संख्या किंवा औषधाची मुदत वाचताना ही चूक महागात पडू शकते. दुसरा सापळा 'पॉझिटिव्ह'चा. बोलण्यात 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले. तपासणीच्या रिपोर्टमध्ये मात्र जे शोधत होतो ते सापडले, असा त्याचा अर्थ. तोच शब्द रक्तगटापुढे आला, जसे 'बी पॉझिटिव्ह', तर तिथे आजाराचा संबंधच नसतो. तिसरा सापळा चिठ्ठीतल्या खुणांचा. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा. त्यातल्या 'बीडी'वर वर्गात हशा होणारच. तो होऊ द्यावा, खूण पक्की लक्षात राहते.

वर्ग घेणाऱ्यांसाठी

• आधी चाळिशी, मग अक्षर. चाळिशीनंतर जवळचे बारीक अक्षर अंधुक दिसू लागते. 'जमत नाही' म्हणणाऱ्याला कित्येकदा फक्त चष्मा हवा असतो. पहिल्याच दिवशी नजर तपासून घ्यावी.

• आठवड्यातून एकदा तीन तास घेण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. नवे शिकलेले पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. अंतर ठेवून केलेली उजळणी त्यावरचा उपाय आहे.

• पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा आठवायला लावावे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले. पाटी झाकून 'कालचे तीन शब्द सांगा' एवढेही पुरते.

• झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो म्हणून शाळेत हसू झालेली माणसे या वर्गात असतात. त्यांच्या इंग्रजी उच्चारांना हसू नये. चिठ्ठी वाचायला लहेजा लागत नाही.

• रिकामी औषधाची पाकिटे आणावीत. मुदत कुठे लिहिली आहे ते शोधायला सांगावे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हेही त्याच तासाला सांगावे.

• सिकलसेलचा धडा नमुना कार्डावर घ्यावा. कुणालाही स्वतःचे किंवा मुलीचे कार्ड सर्वांसमोर दाखवायला लावू नये. 'एएस' ही आजाराची खूण नसली, तरी गावात कुजबुज झाली की लग्ने मोडतात आणि त्याचा भार बहुधा मुलीवरच पडतो.

रिपोर्ट मराठीत, गोंडीत, माडियात समजावून सांगणे ही आरोग्ययंत्रणेची जबाबदारी आहेच. रुग्ण इंग्रजी शिकला म्हणून ती संपत नाही, आणि कार्ड वाचता आले म्हणून डॉक्टरांचा सल्लाही अनावश्यक होत नाही. पण अक्षर ओळखणारा माणूस निदान प्रश्न विचारू शकतो. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी एखाद्या आईने पेटी उघडली, चष्मा लावला आणि मुलीच्या कार्डावरची दोन अक्षरे स्वतः वाचली, तर ते कुणाला सांगायचे, कधी सांगायचे आणि समोरच्या घरी काय विचारायचे, हे ती ठरवू शकते. त्यासाठी तिला सव्वीस अक्षरांतली पहिल्या दिवशी दोनच लागतात.