पाण्याचा दाब आणि पाण्याचा आधार

विहिरीतून घागर शेंदणाऱ्या बाईला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. घागर पाण्यात बुडालेली असते तोवर दोर हाताला हलका लागतो. घागर पाण्याबाहेर आली, की एकदम ओढ बसते. घागर तीच, आतले पाणी तेच, दोरही तोच. मग इतका वेळ हे वजन कोणी उचलून धरले होते? पाण्याने धरले होते, हे उत्तर कोणीही देईल. पण पाणी धरते म्हणजे काय करते? त्याला हात आहेत की खांदा? या एका प्रश्नाची उकल आज करावी, असा विचार आहे. तिच्यात आपले भाटघरचे धरण येईल, साखर कारखान्याची मळीची टाकी येईल आणि आपल्या गोठ्यातले दूधही येईल.

मी विज्ञानाचा प्राध्यापक नव्हे. कामगारांच्या संघटनेचे काम करता करता जे वाचले आणि घरच्या भांड्यांवर करून पाहिले, तेवढेच सांगणार आहे. आपणही ते घरी करून पाहावे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

प्रथम दाब. गोडेतेलाचा रिकामा डबा घ्या. त्याच्या एका बाजूला खिळ्याने एकाखाली एक अशी तीन सारखी भोके पाडा: एक वर, एक मध्ये, एक तळाजवळ. डबा उंच स्टुलावर ठेवून पाण्याने भरा. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाऊन पडेल. स्टूल मात्र विसरू नका. डबा जमिनीवरच ठेवला तर खालच्या धारेला पडायला उंचीच उरत नाही. ती जोरात निघूनही जवळच जमिनीला लागते, आणि मधलीच धार लांब गेलेली दिसते. पुष्कळ पुस्तकांतल्या चित्रांत हा घोटाळा असतो, आणि मुले प्रयोग करून गोंधळतात. धारेचा जोर पाहावा तो भोकापाशी.

आता दुसरे. एक रुंद बादली आणि एक अरुंद, सरळ बाटली घ्या. दोहोंना तळापासून सारख्या उंचीवर सारखे भोक पाडा व दोन्ही सारख्या उंचीपर्यंत भरा. बादलीत पाणी दसपट असेल, पण धारा सारख्याच निघतात. बाटलीतले पाणी लवकर उतरते, म्हणून तिच्यात सतत ओतत राहावे. यावरून कळते ते असे, की दाब पाण्याच्या साठ्यावर नसून पाण्याच्या उंचीवर असतो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो, त्याच्या मुळाशी हेच आहे. मधली नळी कशीही वेडीवाकडी पडलेली असो, दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीला उभे राहते.

हिशेबही सोपा आहे. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि दहा उंच एवढ्या जागेत एक लिटर पाणी मावते, आणि त्याचे वजन एक किलो. असे थरावर थर रचत गेले, की दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा भार होतो. नळाला जोर यावा म्हणून गावची टाकी मोठी करून भागत नाही, ती उंच बांधावी लागते, ती यामुळेच. आणि हा दाब केवळ खाली नसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून तोंड आवळून धरा आणि तिला चहूकडून सुईने टोचा. धारा खाली, बाजूला आणि वरच्या अंगालाही निघतात. बंद जागेतला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे पास्कल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगितले. कारखान्यातल्या गिरणीत वरच्या रोलरवर जो भार देतात, तो तेलाच्या याच गुणाने पोहोचवतात.

आपल्या शिवारात ऊस उभा आहे तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, आणि त्या पाण्याचा जुना मोठा साठा म्हणजे वेळवंडी नदीवरचे भाटघर. त्या दगडी धरणाची भिंत वर अरुंद आणि तळाशी रुंद का, हे आता निराळे सांगायला नको. मागे तलाव एक मैल पसरला काय किंवा दहा मैल पसरला काय, भिंतीला त्याचे सोयरसुतक नाही. भिंतीला फक्त पाण्याची उंची कळते. ही उंची दुप्पट झाली, की तळाचा दाब दुप्पट होतो, आणि तो दाब दुप्पट उंचीच्या भिंतीवर पडत असल्याने एकूण रेटा चौपट होतो.

हे ज्ञान पुस्तकात ठेवण्यासारखे नाही, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. बोस्टन शहरात मळीची, म्हणजे मोलॅसिसची, पन्नास फूट उंचीची पोलादी टाकी होती. १५ जानेवारी १९१९ रोजी भर दुपारी ती फुटली. मळीची लाट रस्त्यांतून धावली, घरे मोडली, आणि एकवीस माणसे मेली. मळी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड. तेव्हा पन्नास फुटांखाली दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या वर दाब होतो. शिवाय दाब टाकीच्या रुंदीवर नसला, तरी पत्र्याला बसणारा ताण टाकीच्या व्यासाबरोबर वाढत जातो. त्या टाकीचे पत्रे हा ताण सोसण्याइतके जाड नव्हते. टाकी आधीपासून गळत होती. कंपनीने काय केले? गळती दिसू नये म्हणून टाकीला मळीसारखाच तपकिरी रंग फासला. पुढे कोर्टात कोणीतरी बॉम्ब ठेवला असेल असा बचाव केला. तो टिकला नाही, आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

ही हकीगत मी मुद्दाम विस्ताराने सांगतो. एका कारखान्यात (त्याचे नाव इथे नको) अशाच टाकीच्या अगदी खालच्या सांध्यातून मळी पाझरत होती. विचारले तर उत्तर मिळाले, ‘थेंब थेंब तर येते, टाकीत हजारो टन आहे, त्यात काय बिघडले?’ कामगारांनी उलट प्रश्न केला, की थेंब किती हे राहू द्या, सांध्याच्या वर मळी उभी किती मीटर आहे ते सांगा. सांधा वरच्या पट्टीत असता तर आम्हीही इतके बोललो नसतो. मागणीपत्रात कलम घातले ते टनांत नव्हे, मीटरांत: सांधा दुरुस्त होईपर्यंत टाकी निम्म्या उंचीच्या वर भरू नये. प्रथम हसू झाले. मग त्यांच्याच एका अभियंत्याने कलमाला मान हलवली, आणि पंधरा दिवसांत सांधा जोडून झाला. मागणी करणाऱ्याला कारण सांगता आले, की समोरच्याला ती फेटाळणे जड जाते.

आता घागरीकडे वळू. मघाचा दहा सेंटिमीटरचा ठोकळा डोळ्यांपुढे आणा आणि तो पाण्यात असा बुडवा, की त्याची वरची बाजू वीस सेंटिमीटर खोल राहील. वरच्या बाजूवर दोन लिटर पाणी उभे आहे, म्हणजे दोन किलोचा भार खाली. तळाची बाजू तीस सेंटिमीटरवर आहे, तिथे तीन किलोचा भार, आणि तो वर ढकलणारा. बाजूचे दाब समोरासमोर असल्याने एकमेकांत फिटले. शिल्लक राहिला एक किलो, वरच्या दिशेने. आणि ठोकळ्याने बाजूला सारलेले पाणी किती? एक लिटर, वजन एक किलो. आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी सिराक्यूज येथे जो सिद्धांत मांडला, तो एवढाच आहे. ठोकळा आणखी खोल नेला, सत्तर सेंटिमीटरवर नेला, तरी वर सात, खाली आठ, फरक एकच. पाण्याला हात नाहीत आणि खांदाही नाही. खालचा दाब वरच्या दाबापेक्षा अधिक असतो, एवढ्या फरकावरच पाणी वस्तूला तोलते. पाठ्यपुस्तकात याला प्लावक बल म्हणतात.

पडताळा हवा असेल तर आपल्याकडचा काळा दगड घ्या. ताणकाट्याला टांगून दहा किलो भरणारा दगड पाण्यात पूर्ण बुडवला, की काटा साडेसहाच्या आसपास येतो. काठोकाठ भरलेल्या बादलीत तो सोडला आणि सांडलेले पाणी परातीत धरून मोजले, तर ते साडेतीन लिटरच्या जवळपास निघते. दगड बादलीच्या तळाला टेकू देऊ नये, नाहीतर काटा खोटे बोलेल.

या हलकेपणाचा धरणावर मोठा सुरेख उपयोग केलेला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर स्वयंचलित दरवाजे बसवले. आपल्या भाटघरलाही स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात ‘दरवाजे आपोआप उघडले’ अशी बातमी आपण वाचतो ती त्यांचीच. यामागची कल्पना अशी: जड दरवाजा साखळीने टांगलेला, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोरड्या हौदात लोंबणारे वजन. दोघांचा तोल असा जुळवलेला, की दरवाजा बंद राहावा. तलाव ठरल्या पातळीच्या वर चढला, की जास्तीचे पाणी त्या हौदात उतरते. वजन पाण्यात बुडाले, की आपल्या दगडासारखे हलके झाले. तोल ढळला आणि दरवाजा सरकला. तलाव उतरला, हौद रिकामा झाला, की वजन पुन्हा जड होते आणि दरवाजा मिटतो. ना वीज लागते, ना मध्यरात्री भर पावसात धरणावर धावणारा माणूस.

राहिली तरंगणारी नळी. शीतपेयाची प्लॅस्टिकची नळी घेऊन एका टोकाला मेण भरा व त्यात दोन-चार बारीक चुका रुतवा, म्हणजे ती पाण्यात उभी तरंगेल. पातळीवर खूण करा. समजा, पंधरा सेंटिमीटर बुडते आहे. तीच नळी उसाच्या रसात सोडली, तर ती सेंटिमीटरभर वर उचलली जाईल. रस पाण्याहून जड, म्हणून नळीचे वजन तोलायला थोडा रस बाजूला सारला तरी पुरते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स मोजणारी काचेची नळी ही याच नळीची थोरली बहीण. दुधात मात्र आपली नळी जेमतेम चार मिलिमीटर वर येईल. एवढा फरक डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून लॅक्टोमीटरला खाली जाड फुगा आणि वर बारीक दांडी ठेवतात. दांडी जितकी बारीक, तितका तोच फरक लांब दिसतो.

पुष्कळ संकलन केंद्रांवर आता विजेची यंत्रे आली आहेत. तरी ही नळी अजून गेलेली नाही, आणि तिच्या आकड्यावर दुधाचा भाव हलतो. म्हणून तिची खोड माहीत असावी. गाईच्या चांगल्या दुधात ती साधारण अठ्ठावीस ते तीस दाखवते. पाणी घातले की आकडा उतरतो. पण साय दुधाहून हलकी असते. ती काढून घेतली की आकडा चढतो, आणि मग पाणी घालून तो पुन्हा जागेवर आणता येतो. लबाड माणसाला हे शाळेत न जाता कळलेले असते. नुसत्या नळीवर भाव ठरवू नये, फॅटही पाहावी, ती यासाठी.

प्रामाणिक माणसाचे नुकसान होते ते दुसऱ्या बाजूने. नळीवरचे आकडे ठराविक तापमानासाठी आखलेले असतात, आपल्याकडे सामान्यतः २७ अंश सेल्सियससाठी. धारोष्ण दूध त्याहून दहा-अकरा अंश गरम. गरम दूध प्रसरण पावते, हलके होते, आणि नळी त्यात दोनेक अंश खाली बसते. पाण्याचा थेंब न घालता पाणी घातल्याचा संशय येतो. तेव्हा आकडा उतरला असे कोणी म्हटले, तर आधी विचारावे, की दुधाचे तापमान पाहिले का आणि त्याची दुरुस्ती धरली का? दूध ढवळले होते का? वरचा फेस काढला होता का? नळी भांड्याच्या कडेला चिकटली होती, की मधोमध मोकळी तरंगत होती? आणि आकडा वाचताना डोळा दुधाच्या पातळीला आणला होता, की उभ्यानेच वरून पाहून वहीत लिहिला?