गर्भाशयाचे अस्तर आणि झिरपणारे औषध

गर्भाशयाविषयी भर सभेत बोलावयाचे म्हटले, की काही मंडळी सभागृहाच्या छताकडे पाहू लागतात. त्यांनी खुशाल पाहावे. आम्ही मात्र बोलणार आहोत. याविषयी न बोलल्यामुळे कित्येक स्त्रियांच्या कपाळी 'वांझ' हा शब्द फुकट चिकटला आहे.

गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असते. त्याचा वरचा थर गळून पडतो तीच पाळी. मागे उरलेले एकदोन मिलिमीटरांचे अस्तर पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा आठदहा मिलिमीटर वाढते. महिन्याच्या महिन्याला व्रण न ठेवता भरून येणारी अशी जखम शरीरात दुसरी क्वचितच सापडेल. ही किमया तळच्या थराची. हरळी वरून कितीही कापा, मुळे शाबूत असली की ती पुन्हा हिरवी होते, तसेच हे. या अस्तरात पुन्हा पुन्हा विभागून वाढणाऱ्या थोड्या विशेष पेशी असतात, हे ऑस्ट्रेलियातील कॅरोलिन गार्गेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले.

पण मूळच खरवडले गेले तर? गर्भपातानंतर किंवा वार आत राहिल्यास पिशवी साफ करतात, ज्याला आपल्याकडे 'क्युरेटिंग' म्हणतात. त्यात हत्यार खोल गेले, की उघड्या पडलेल्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाळी कमी होते, कधी थांबतेच, आणि गर्भाला रुजावयास जागा उरत नाही. फ्रिच यांनी १८९४ साली असा रोगी नोंदविला होता. १९४८ साली अ‍ॅशरमन यांनी सविस्तर वर्णन केले व विकाराला त्यांचे नाव पडले. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षय हेही अस्तराच्या नाशाचे एक कारण आहे. या साऱ्यात त्या बाईचा दोष कोठे आला, हे तिच्या सासरच्यांनी सांगावे!

दुर्बिणीतून पाहून हे चिकटलेले पडदे कापता येतात. अडचण अशी, की कापलेल्या कच्च्या भिंती पुन्हा चिकटू पाहतात. म्हणून मध्ये काही ठेवतात: लहानसा फुगा किंवा हायल्युरॉनिक आम्लाचा दाट गर. हा पदार्थ १९३४ साली मायर व पामर यांनी गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरापासून वेगळा काढला. त्याचे रेणू एकमेकांत गुंफून केलेला गर आठवडाभर आत टिकतो आणि मग आपोआप विरून जातो. पण ही झाली नुसती आडभिंत. अस्तर उगवावे कसे?

अस्तर वाढविणारी प्रथिने ठाऊक आहेत. परंतु ती रक्तात सोडली तर लवकर नाश पावतात, आणि पातळ औषध गर्भाशयात सोडले तर वाहून जाते. येथे महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्र आठवावे. घागर एकदम ओतली तर क्षणात वाहून जाते. थेंब थेंब पडले तर पिंडी ओली राहते. प्रथिनासारखे मोठे रेणू बहुवारिकातून, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांच्या पदार्थातून, सावकाश बाहेर पडू शकतात, हे लँगर व फोकमन यांनी १९७६ साली सिद्ध केले. त्याआधी पुष्कळ जाणत्यांना ते अशक्य वाटत होते. पोलोक्झामर नावाचे बहुवारिक तर तुपाच्या अगदी उलट वागते: थंडीत पातळ, शरीराच्या उबेत घट्ट. बारीक नळीने आत सोडावे, तेथे ते थिजते आणि जसजसे झिजते तसतसे औषध सोडते. त्यात हेपॅरिन जोडले, की वाढीचे प्रथिन त्याला धरून राहते. उंदरांत याने अस्तर सुधारलेले दिसले आहे.

तथापि उंदरीला पाळी येत नाही, आणि तिचे गर्भाशय दोन लांब नळ्यांसारखे असते. तेव्हा तिच्यावरून बाईचा निर्णय करू नये. चीनमध्ये नानजिंग येथील डॉक्टरांनी कोलॅजेनच्या जाळीवर रुग्णेच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी बसवून ती गर्भाशयात ठेवली. अहमदाबादच्या डॉक्टरांनी २०११ साली जाळीशिवाय अशाच पेशी वापरल्याचा एक दाखला प्रसिद्ध केला. दोन्हीकडे गर्भधारणा झाल्या, पण रुग्णांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. शिवाय अस्तर मिलिमीटरभर वाढले म्हणून भागत नाही. मूल घरी आले का, हे मोजावयास हवे. त्या मोजणीसाठी मोठ्या चाचण्या लागतील. तोवर 'हमखास उपाय' म्हणून हे कोणी विकू लागला, तर पैसे मोजण्यापूर्वी त्या चाचण्यांचे निकाल मागावेत. क्युरेटिंगनंतर पाळी एकाएकी कमी झाली असेल, तर मात्र वाट पाहत बसू नये. दुर्बिणीची तपासणी आज मिळते.