निवृत्त श्वानाला घर देताना

घरात कुत्रा आणायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांचे गोंडस पिल्लू येते. परंतु श्वानांची पैदास करणाऱ्यांकडे आणखी एक वर्ग असतो आणि त्याची जाहिरात सहसा कोणी करीत नाही. काही वेते झाल्यावर पैदाशीतून बाजूला काढलेल्या माद्या आणि प्रदर्शनासाठी वाढवलेले पण निकषांत न बसलेले नर हे ते प्राणी होत. डॅशहुंड जातीचा कुत्रा सामान्यतः 12 ते 16 वर्षे जगतो. म्हणजे सहाव्या वर्षी ‘निवृत्त’ झालेल्या मादीचे निम्मे आयुष्य अजून शिल्लक असते.

उर्वरित वर्षांचा हिशेब

साठी ओलांडलेल्या दांपत्याने पिल्लू घेतले, तर ती पंधरा वर्षांची जबाबदारी ठरते. पंच्याहत्तरीत रोज दोन वेळा त्याला फिरवून आणणे आपल्याला झेपेल का, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. प्रौढ श्वानाचा काळ तुलनेने बेताचा असतो आणि त्याचा आकार, स्वभाव व प्रकृती आधीच कळलेली असते. याच विचाराने तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी सहा वर्षांची एक मादी आली. मुलांनी तिचे नाव चिमी ठेवले.

या जातीची शरीररचना मात्र नीट समजून घ्यावी. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बिळात शिरून शिकार करण्यासाठी ही जात घडवली गेली, म्हणून तिचे पाय आखूड आणि अंग लांब. आखूड पायांना कारणीभूत असलेल्या आनुवंशिक दोषामुळेच मणक्यांमधील चकत्या लवकर कडक होतात. चकती सरकली तर मज्जारज्जूवर दाब येऊन मागचे पाय लुळे पडू शकतात. सुमारे चारांपैकी एका डॅशहुंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो.

म्हणून सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, जिना उचलून चढवावा-उतरवावा आणि वजन वाढू देऊ नये. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा पार्श्वभागाखाली असावा. फिरवताना गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस वापरावा. मागचे पाय अडखळू लागले तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी या जातीचा पुन्हा विचार केलेला बरा.

कागद आणि किंमत

कर्ज मंजूर करण्यापूर्वी कागद पाहतात, तसेच येथेही पाहावेत. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. सहा महिन्यांवरील श्वान निर्बीजीकरणाशिवाय विकता येत नाही; अपवाद फक्त दुसऱ्या परवानाधारक पैदासकाराला केलेल्या विक्रीचा. लसीकरणाची वही, मायक्रोचिपचा क्रमांक, झालेल्या वेतांची व शस्त्रक्रियांची माहिती मागून घ्यावी. आपल्या पशुवैद्याकडून पाठ, दात व स्तनग्रंथी तपासून घ्याव्यात.

निर्बीजीकरणाबद्दल आपल्या घरांतून संकोच व्यक्त होतो. शास्त्रांनी निर्लांछन हे कर्मादानांत, म्हणजे त्याज्य व्यवसायांत गणले आहे, हे खरे. परंतु निर्बीज न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा प्राणघातक विकार जडू शकतो. येथे हेतू उपजीविकेचा नसून तिच्या आरोग्याचा आहे, आणि तिच्यावर पुन्हा वेत लादले जाण्याची शक्यताही संपते.

किमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केशवाणिज्य, म्हणजे जिवंत प्राण्यांचा व्यापार, हेही कर्मादानच. माझे मत असे की लस, तपासणी आणि शस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष खर्च द्यावा, पावती घ्यावी. त्यापलीकडे बाजारभाव मागितला तर ती दत्तक प्रक्रिया नव्हे, खरेदी आहे, असे समजून नमस्कार करून परतावे.

पहिले काही महिने

पिंजऱ्यात वाढलेल्या प्राण्याला घर ठाऊक नसते. कुकरची शिट्टी, मिक्सर, गुळगुळीत फरशी या सर्वांचे भय वाटते. शौचाची शिस्तही पुन्हा शिकवावी लागते. पूर्वी सोबत इतर श्वान असल्याने एकटेपणा सोसत नाही. चिमी पहिले दहा दिवस पलंगाखालून फारशी बाहेर आली नाही आणि आपल्या नावाला प्रतिसाद द्यायला तिने दोन महिने घेतले. दिवसभर दुकान आणि घराला कुलूप, अशी स्थिती असेल तर हा विचार सोडावा. घरात कोणी ना कोणी असलेले एकत्र कुटुंब तिला मानवते.

आहाराविषयी दोन शब्द. कुत्रा मांजराप्रमाणे निव्वळ मांसाहारी नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने संतुलित केलेल्या शाकाहारावर तो राहू शकतो. केवळ दूध-पोळीवर मात्र ठेवू नये. कांदा-लसूण त्याला विषारी आहेत, तेव्हा आपली स्वयंपाकघरे त्या बाबतीत निर्धोक. परंतु द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट हीदेखील त्याला घातक आहेत. सुक्या मेव्याचे डबे उंचावर ठेवावेत आणि पाहुण्यांना तशी सूचना द्यावी. संध्याकाळचे जेवण चौविहाराच्या वेळेआधी दिले तरी चालते. पाणी मात्र रात्रंदिवस भरलेले असावे. शिकारी वृत्ती उपजत असल्याने कबुतरांना दाणे टाकतो त्या जागी साखळी सोडू नये.

बँकेतील खात्याला आपण वारस नामनिर्देशित करतो. प्राणी घरी आणण्यापूर्वीही तसेच एक नाव ठरवावे आणि त्या व्यक्तीची स्पष्ट संमती घ्यावी. आपण आजारी पडलो, परगावी गेलो किंवा राहिलो नाही, तर त्याला कोण सांभाळणार? पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहेच; पण एकदा घर बदललेल्या जिवाला पुन्हा बेघर करणे हे कायद्याहूनही मोठे पातक. ते नाव लिहिता येत असेल, तरच त्याला घरी आणावे.