हिरव्या पानातली आंबट थैली

प्रकाशसंश्लेषण म्हटलं की सगळं श्रेय हरितद्रव्याच्या पदरात पडतं. पान हिरवं, हिरवेपणा हरितद्रव्याचा, म्हणून अन्न तयार करणारंही तेच, असा हा सरळ हिशेब. तो तपासायला एक साधा प्रयोग पुरतो. पालकाची पानं स्पिरिटमध्ये खलून गाळली की गडद हिरवा अर्क हाती येतो. त्यावर झगझगीत प्रकाश सोडून बाजूनं पाहिलं, तर तो चक्क लाल दिसतो. हरितद्रव्य प्रकाश शोषून घेतं, पण ती ऊर्जा पुढे सोपवायला कुणीच नसल्यामुळे काही लाल उजेडाच्या आणि उरलेली उष्णतेच्या रूपात टाकून देतं. रंग तोच, प्रकाश तोच, तरी ना ऑक्सिजन निघतो ना साखर बनते. जिवंत पानातही अशी लाल गळती होते, पण फारच थोडी. मग अर्क काढताना हरवलं काय? हरितद्रव्य ज्या पडद्यात नेमक्या जागी बसवलेलं होतं, तो पडदाच विरघळला. त्याचं नाव थायलॅकॉइड पटल. पानाची खरी करामत रंगात नाही. या पडद्यानं जागेचे जे ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोन भाग केले आहेत त्यांत ती आहे, असं मला वाटतं.

थायलॅकॉइड हा शब्द ग्रीक ‘थायलाकोस’वरून आला. अर्थ पिशवी, थैली. (आपल्या थैलीशी उच्चार जुळतो ही गंमत, त्यावरून नातं जोडायला जाऊ नये.) हरितलवकात अशा चपट्या, बंद थैल्या असतात. काही ठिकाणी त्या भाकरींच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. या चवडींना ग्राना म्हणतात. चवडींना जोडणारे सुटे पापुद्रे भोवतालच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमात, पसरलेले असतात. पडद्याचं द्रव्यही वेगळंच. प्राण्यांच्या पेशींचे पडदे मुख्यतः फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थांचे बनतात, तर इथे सुमारे तीन चतुर्थांश स्निग्ध रेणूंना फॉस्फरसऐवजी गॅलॅक्टोज ही साखर जोडलेली असते. फॉस्फरस जमिनीत बऱ्याचदा तुटीचा असतो. पानातला सर्वांत मोठा पडदा बहुतांशी त्याच्याविना उभा करणं हा काटकसरीचा संसारच म्हणायचा.

या पडद्यात पाणी फुटतं. प्रकाशप्रणाली-2 नावाच्या प्रथिनसमूहात चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अणूंची गाठ असते. तिची अणू-अणूची रचना जपानी शास्त्रज्ञांनी 2011 साली स्पष्ट दाखवली. ती पाण्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ऑक्सिजन मोकळा होतो. महत्त्वाचं हे की ही गाठ थैलीच्या आतल्या अंगाला असते, त्यामुळे पाण्यातले प्रोटॉन आतच साचतात. इलेक्ट्रॉन पडद्यातून प्रकाशप्रणाली-1 या दुसऱ्या प्रथिनसमूहाकडे जाताना बाहेरचे आणखी प्रोटॉन आत आणून सोडतात. परिणामी आतलं पाणी आंबट होतं: बाहेर पीएच आठच्या आसपास, तर आत सहा किंवा त्याहूनही कमी. या प्रोटॉनना बाहेर पडायला एटीपी सिंथेज या फिरत्या यंत्राची वाट आहे. ते जाताना यंत्र फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जाचलन, तयार होतं.

प्रोटॉनच्या साठ्यावर एटीपी बनतं ही कल्पना शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, तेव्हा अनेकांना ती पटली नाही. एटीपीच्या आधी एखादा ऊर्जावान रासायनिक रेणू तयार होत असणार, अशी समजूत होती आणि त्याचा शोध जोरात चालू होता. 1966 मध्ये आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाची हरितलवकं आधी पीएच चारच्या आम्लात भिजवली आणि मग अंधारातच पीएच आठच्या द्रावणात टाकली. एटीपी तयार झालं. प्रकाशाचा एक किरणही न लागता, निव्वळ आतल्या आंबटपणावर. मिचेल यांना 1978 साली नोबेल मिळालं. उलट बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. हरितलवकांना अमोनियम क्षार दिले की प्रोटॉनचा साठा टिकत नाही. इलेक्ट्रॉनांची धाव थांबत नाही, उलट वाढते. एटीपी मात्र बनत नाही. हरितद्रव्य जोमात काम करत असतं आणि पदरात काही पडत नाही.

यावर कुणी म्हणेल, अंधारातल्या प्रयोगात आम्ल माणसानं ओतलं. पानात ते काम रंगच करतो ना? मान्य. थैली भरायला प्रकाश लागतो आणि प्रकाश पकडायला रंग लागतो. पण फुटक्या घागरीत पाणी ओतणाऱ्याच्या मेहनतीचं कौतुक किती करायचं? दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ग्लिओबॅक्टर नावाच्या जिवाणूत थायलॅकॉइड मुळीच नसतात, तरी तो प्रकाशसंश्लेषण करतो. खरं आहे, पण तो ते आपल्या पेशीच्या बाह्य आवरणालगतच्या पडद्यात करतो. थैली तिथेही आहे. फक्त ती म्हणजे अख्खी पेशीच. जागा मर्यादित, आणि त्याच पडद्याकडे इतर कामंही. तो सावकाश वाढतो, हे त्याला साजेसंच.

मग चवड कशासाठी? पृष्ठफळ वाढवायला, असं उत्तर सहसा मिळतं. ते अपुरं आहे. पडद्यांची घडी घातली की पृष्ठफळ वाढतं हे खरं, पण थैल्या एकमेकींना चिकटवल्या की त्यांचे पृष्ठभाग झाकलेच जातात. चवडीतल्या दोन थैल्यांमधली फट जेमतेम तीन-चार नॅनोमीटरची. एटीपी सिंथेजचं डोकं तिच्यात मावत नाही. बर्टिल अँडरसन आणि जॅन अँडरसन यांनी 1980 मध्ये दाखवलं की प्रकाशप्रणाली-2 मुख्यतः चवडीत, तर प्रकाशप्रणाली-1 मुख्यतः बाहेरच्या सुट्या पापुद्र्यांवर असते. एटीपी सिंथेजही तिथेच असतं. दोन प्रणाली वेगळ्या ठेवण्यामागे कारण आहे. प्रणाली-1 ऊर्जा फार चटकन ओढून घेते. दोघी शेजारी असत्या तर प्रणाली-2 च्या वाट्याचंही तिनंच पळवलं असतं. अर्थात चवडीशिवाय चालत नाही असं मुळीच नाही: लाल शैवालांत चवड नसते आणि त्यांचं छान चालतं. ही सोय हिरव्या वनस्पतींची आहे, आणि उजेड कमी असेल तिथे ती वाढते. ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनाच्या दाट सावलीतल्या कासाळूत एकेका चवडीत 100 पर्यंत थर सापडले आहेत.

आपल्या उसात याच्या उलट चित्र दिसतं. उसाच्या पानात शिरांभोवती पेशींचं एक कडं असतं. त्यातल्या हरितलवकांत चवडी जवळजवळ नसतात आणि प्रकाशप्रणाली-2 ही फार थोडी असते. ज्वारी-मक्यातही तेच. हिशेब मांडला की कारण कळतं. पालकाच्या एटीपी सिंथेजच्या एका फेऱ्यात 14 प्रोटॉन जातात आणि तीन एटीपी मिळतात. ऑक्सिजनचा एक रेणू सुटताना आत सुमारे 12 प्रोटॉन साचतात. म्हणजे अडीचच्या थोडं वर एटीपी. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बसवायला मात्र तीन लागतात. ही तूट प्रणाली-1 भरून काढते: इलेक्ट्रॉन पुढे न देता पुन्हा मागे फिरवते आणि प्रोटॉन आत घेत राहते. या फेऱ्यात ऑक्सिजन सुटत नाही, नुसतं एटीपी मिळतं. उसाच्या कड्यातल्या पेशींना इलेक्ट्रॉनांचा बराचसा पुरवठा शेजारच्या पेशींकडून मॅलेट या संयुगाच्या रूपात आयता होतो. त्यांना तोटा असतो तो एटीपीचा. म्हणून तिथे पाणी फोडणारी चवड गेली, आणि थैली तेवढी राहिली.